सतरा नंबरचा फवारा

१८ डिसेंबर, गुरुवार. महाबळेश्वर

उंब्रजहून साताऱ्याला एसटी, तिथून वर दुसरी एसटी. घाटात शेजारच्या माणसाला उलटी झाली, मला नाही. बासष्टाव्या वर्षीही पोट जागच्या जागी आहे.

ही डायरी तपासणीची आहे, म्हणून कामाचं आधी लिहितो. सूनबाईने, म्हणजे उत्कर्षाने, वेण्णा तलावाच्या वरच्या अंगाला तीन खोल्यांचं पत्र्याचं घर आणि मागची सहा गुंठे जमीन भाड्याने घेतली आहे. त्यात स्ट्रॉबेरी. मुलगा राजवर्धन सीमेवर, त्याची बायको डोंगरावर आणि बाप उंब्रजला एकटा. तिघांचे तीन तवे. जूनमध्येच मी म्हणालो होतो, हे काही खरं नाही. शेवटी असं ठरलं की तिला एक हंगाम द्यायचा. जानेवारीअखेर मी निकाल द्यायचा. जमत असेल तर ती राहील, नसेल तर गाशा गुंडाळून उंब्रजला येईल. राजवर्धन म्हणाला, "आबा, तुम्ही म्हणाल ते." अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. इन्स्पेक्शन कसं करायचं ते मला कुणी शिकवायला नको.

पहिली पाहणी: वाफे सुतात आहेत. झाडं तजेलदार, पांढरी फुलं भरपूर. पाण्याला ठिबक आहे, तरी वर चोवीस छोटे फवारे उभे केलेत. ते कशाला, विचारलं. ती सांगू लागली, "आबा, ते थंडीसाठी. ही जागा खोलगट आहे, हिव पडलं की पहाटे..." मी म्हटलं, पोरी, थंडी मला नको सांगूस. मग लेहच्या उणे पंचवीसमध्ये आम्ही पाण्याचे पाईप कसे सांभाळत होतो ते तिला सविस्तर सांगितलं. जेवण संपेपर्यंत सांगत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं. मुलगी ऐकणारी आहे. हा गुण नोंदवून ठेवतो.

परतीची तारीख: २८ डिसेंबर.

२१ डिसेंबर, रविवार

इथं कामाला रंगुबाई आहे. माण तालुक्यातली धनगरीण. नवरा बिरदेव मेंढरं घेऊन कोकणात उतरलाय. तिचे गुडघे गेले, म्हणून या वर्षी ती वाटेतच थांबली आणि उत्कर्षाकडे राहिली. बाई तोंडाने फटकळ आहे. मी वाफ्यात बूट घालून गेलो तर म्हणाली, "आवं सुभेदार, तिकडनं फिरा. ह्ये परेड मैदान न्हाई." फौजेत मला कुणी असं बोललं नव्हतं. बायको, मनुबाई, तेवढी बोलायची.

मनुबाईला जाऊन येत्या माघात दोन वर्षं होतील. उंब्रजच्या घरात दोन माणसांपुरता चहा टाकायची सवय अजून जात नाही. असो. ही तपासणीची डायरी आहे.

२७ डिसेंबर, शनिवार

उद्या निघायचं होतं. पण न्हाणीघराचा नळ गळतोय, तो दुरुस्त केल्याशिवाय जाणं बरं दिसत नाही. परतीची तारीख: ५ जानेवारी.

४ जानेवारी, रविवार

उत्कर्षाला सांगलीला जावं लागलं. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. चार-पाच दिवस लागतील. म्हणजे माझी परतीची तारीख पुन्हा पुढं गेली. माझा इलाज नाही. ठाणं सोडून कसा जाऊ?

जाताना ती पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, घरात काय हवं ते करा. फक्त फवाऱ्यांना हात लावू नका."

म्हणजे त्यांच्यात काहीतरी बिघाड आहे आणि तिला तो माझ्यापासून लपवायचाय. एवढं न कळायला मी काय काल भरती झालोय?

५ जानेवारी, सोमवार

फवारे तपासले. चालू करून पाहिले तर नऊ फवाऱ्यांतून नुसती धार लागली आणि पाच तर मुकेच. पाईपात गाळ. बिघाड लपवते आहे हा माझा अंदाज खरा ठरला. बिचारीला एकटीला कुठकुठं बघायला होणार?

शिवाय पाईप सगळे उघड्यावर, त्यात रात्रंदिवस पाणी भरलेलं. लेहला असं ठेवलं असतं तर कमांडिंग ऑफिसरने सोलून काढलं असतं. पाणी गोठलं की फुगतं आणि पाईप चिरतो. तिथला नियम साधा: हिवाळा आला की लाईन कोरडी करायची. उत्कर्षा परत येईपर्यंत सगळं करून ठेवतो. तोंडाने काही सांगायचं नाही, तिने बघायचं.

६ जानेवारी, मंगळवार

आजचा दिवस सार्थकी लागला. रंगुबाई बाजारला गेली होती, त्यामुळे मध्ये बोलायला कोणी नव्हतं. केलेली कामं:

वरच्या बांधावरची पाच हजार लिटरची टाकी रिकामी केली. पाईपांची टोकं उघडून गाळ काढला. पंक्चरवाल्याकडून हवेचा पंप आणून लाईन फुंकली, थेंब राहू दिला नाही. विहिरीवरच्या मोटारीचंही पाणी उतरवलं. फवाऱ्यांच्या तोंडाची चोवीस नोझल काढली, टाचणीने भोक न् भोक साफ केलं आणि एकेकावर नंबर घातला. रंग नव्हता. खिडकीत लाल बाटली होती, नखांना लावायची. तिने काम झकास होतं. तेवीस नोझल पोत्यात भरून पोतं खुंटीला टांगलं. सतरा नंबरचं सगळ्यांत लखलखीत निघालं, ते नमुना म्हणून उत्कर्षाला दाखवायला चष्म्याच्या डबीत ठेवलं. रोजचा चष्मा नाकावरच असतो, वाचायच्या चष्म्याची डबी मी क्वचितच उघडतो, त्यामुळे तिथं ते सुरक्षित राहील.

मोटारीला आणि व्हॉल्व्हला ऊब हवी म्हणून कुंपणावर वाळत पडलेलं एक जुनं काळं घोंगडं गुंडाळून सुतळीने आवळलं.

लेहनंतर इतकं नीटस काम आज झालं. झोप चांगली लागेल.

७ जानेवारी, बुधवार. संध्याकाळ

घाईत आहे, तरी लिहितो. जे घडलं ते लपवायचं नाही.

दुपारी रंगुबाई विहिरीवर गेली आणि तिथूनच ओरडली. मी धावलो. मोटारीपुढं बसून ती सुतळीच्या गाठी सोडत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "ह्यो काय परकार सुभेदार? ह्ये घोंगडं देवाचं हाय. बिरोबाच्या म्होरं हातरतो आमी. मालकसुदिक त्येच्यावर पाय ठेवत न्हाईत, आन तुमी मोटारीला गुंडाळलं व्हय?"

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

"इचारलं असतं तर कळलं असतं." एवढंच म्हणाली. घोंगडं झटकलं, कपाळाला लावलं आणि उचलून घेऊन गेली. ती शिव्या देती तर बरं झालं असतं.

चार वाजता तीच परत आली. तोंड निराळंच. बांधावर उभी राहून तिने चौफेर आभाळ बघितलं. "वारा मेलाय. आभाळ धुतल्यावानी हाय. मेंढरं असती तर आत्ता येकमेकाच्या पोटात शिरली असती. आज हिव पडतंय. टाकी भरल्याली हाय न्हवं? पहाटं फवारं लागतील."

मी विचारलं, फवारे कशाला?

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. हिव पडलं की फुलांवर दंव गोठतं, फुलाच्या मधला पिवळा डोळा जळून काळा होतो, आणि डोळा गेला की फळ गेलं. त्यासाठी पहाटेपासून फवारे चालू ठेवायचे. पाणी झाडाला ऊब देत राहतं. उत्कर्षाने फवारे त्यासाठीच बसवलेत. या महिन्यात लागलेली सगळी फुलं म्हणजे तिचा पुढचा सगळा हंगाम.

अठरा डिसेंबरला ती हेच सांगत होती. आणि मी लेह सांगत बसलो.

लेहला पाणी शत्रू असतं. इथं पाणीच पहारेकरी आहे आणि मी काल त्याची हत्यारं काढून पोत्यात भरली.

उत्कर्षाला फोन केला. सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही.  आई शेजारी झोपलेली, त्यामुळे ती हळू बोलत होती. "आबा, पाईप फुटलेत का?" नाही. "नोझल हरवलीत?" नाही, नंबर घातलेत. "मग काही बिघडलं नाही. टाकी भरा, लाईन जोडा. आणि आबा, एकच लक्षात ठेवा. एकदा चालू केलं की डोळ्यांना काहीही दिसू दे, ऊन पडून बर्फ गळेपर्यंत बंद करायचं नाही."

मी म्हटलं, हुकूम.

आता विहिरीवर जातो. मोटार पाणी धरत नाही, काल मीच तिला कोरडी ठणठणीत केली आहे. वरून बादलीने पाणी ओतून हवा काढायची आहे.

८ जानेवारी, गुरुवार

फत्ते. आता सगळं पहिल्यापासून.

मोटारीने एकोणीस बादल्यांनंतर पाणी धरलं. टाकी भरेपर्यंत दहा वाजले. मी पोतं घेऊन एकेक नोझल जागेवर बसवत गेलो, रंगुबाई बॅटरी धरून. नंबर घातलेले असल्याने शोधाशोध नाही, एक नंबर एकावर, दोन नंबर दोनावर. सोळा बसलं. अठरा बसलं. सतरा नाही. पोतं उलटं केलं, खिसे उलटे केले, परवाची पायवाट गुडघ्यांवर बसून बोटांनी चाचपली. सतरा नंबर नाहीच. कोपऱ्यातल्या दोन वाफ्यांचं नशीब त्या एका तोटीवर होतं. "उंदरानं न्हेलं आसंल," रंगुबाई म्हणाली.

तिने पितळी परात आणली, त्यात बोटभर पाणी घातलं आणि वाफ्याच्या मध्ये ठेवली. "रानात आमी आसंच करतो. पाण्यावर साय धरली का हिव आलं समजायचं." हवामानाचं यंत्र नाही, काही नाही. आम्ही दोघं दारात घमेल्यात निखारे घेऊन बसलो. चहा केला. तिने बिरदेवच्या गोष्टी सांगितल्या, मी मनुबाईच्या. पावणेपाचला ती उठून परातीकडं गेली, बोट लावलं आणि हाक मारली, "सुभेदार, साय धरली!"

फवाऱ्यांच्या पंपाचं बटण दाबलं. लाईनने आधी हवा ओकली, खोकली, आणि मग तेवीसच्या तेवीस फवारे एका दमात फुलले. एकही मुका नाही, एकाचीही नुसती धार नाही. पाईपातला गाळ तसाच राहिला असता तर निम्मं रान कोरडं पडलं असतं. ही नोंद मी मुद्दाम करतो आहे.

राहिला सतरा नंबर. विहिरीच्या मोटारीला रबरी पाईप लावला, तोंडाशी अंगठा दाबून पाणी उडवलं आणि कोपऱ्यात उभा राहिलो. पाईप खाली ठेवता येत नव्हता, हात बदलता येत होता. पावणेपाच ते आठ. मीच सतरा नंबर.

साडेपाचच्या सुमारास पानांवर काच धरू लागली. सहाला वाफेच्या वाफे बर्फाने मढले. फुलं बर्फात, कळ्या बर्फात, फवाऱ्यांच्या काठ्यांना बर्फाच्या मिशा. माझा धीर सुटला. वाटलं, संपलं, आपण आपल्या हाताने पोरीचं पीक गोठवून मारतोय. पाईप टाकला आणि बटणाकडं धावलो. रंगुबाई आडवी उभी राहिली. वाकलेल्या गुडघ्यांची, पाच फुटांची बाई, पण हलली नाही.

"बंद क्येलं की मेलं," ती म्हणाली. "वरनं पानी येतंय तवर आतलं फूल जित्तं हाय. पोरीनं काय सांगितलंय तुमाला?"

डोळ्यांना काहीही दिसू दे. हुकूम माझ्या सुनेचा होता. मी उलट पावली कोपऱ्यात गेलो, पाईप उचलला आणि पुन्हा अंगठा दाबला. अठ्ठावीस वर्षांत पुष्कळ हुकूम पाळले, पण इतका अवघड एकही नव्हता.

सूर्य साडेसातला डोंगरावर आला. आठच्या आत बर्फ सुटू लागला, पाठोपाठ सगळं रान ठिबकू लागलं. मी खाली बसलो आणि पहिलं फूल दोन बोटांनी उघडलं. डोळा पिवळा. दुसरं, पिवळा. एक वाफा पुरा बघितला, मग दुसरा. माझ्या सतरा नंबरच्या कोपऱ्यात पाच फुलं काळी मिळाली, मी पाईप टाकून धावलो होतो त्या जागेची. बाकी सगळी जिवंत. मी मोठ्यांदा ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, बहुतेक रेजिमेंटची घोषणा असावी, कारण खालच्या रस्त्यावरचा दूधवाला थांबून वर बघत होता.

मग मात्र अंग हुडहुडलं. डोक्यापासून बुटांपर्यंत भिजलो होतो, दात वाजत होते. रंगुबाई घरात गेली आणि परत येऊन तिने पाठीमागून माझ्या खांद्यांवर काहीतरी जड आणि उबदार टाकलं. बघतो तर तेच काळं घोंगडं.

मी म्हटलं, "अहो, हे देवाचं."

"व्हय, देवाचंच हाय," ती म्हणाली. "गपगुमान बसा."

मी बसलो. डोळ्यांतून पाणी आलं. थंडीने येतं तसं.

९ जानेवारी, शुक्रवार

उत्कर्षा आली. ऑपरेशन चांगलं झालं. पिशवी न ठेवता आधी रानात गेली, वाफ्यावाफ्यातून हिंडली, मग माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मी सावधान उभा होतो. वाटलं, आता बोलेल आणि तिने बोलायलाच हवं. तिने एक नोझल काढून उन्हात धरलं, लाल आकडा बघितला आणि हसत सुटली. "आबा, ही माझी लग्नातली नेलपॉलिश!"

मी माफी मागितली. सुनेची माफी मागायची आमच्याकडं पद्धत नाही, पण मागितली. ती म्हणाली, "गाळ काढायला मला महिनाभर सवड मिळाली नव्हती. तुम्ही काढलात म्हणून रान वाचलं." असंही बघता येतं. मला सुचलं नव्हतं.

रंगुबाई मध्येच म्हणाली, "पोरगी जाताना मला बोलली व्हती, आबा काय तरी खोलून बसतील, बसू द्या, त्यांला बरं वाटंल. टाकीवर तेवडी नजर ठेवा. आन मी नेमकी त्याच दिशी बाजारला ग्येले." याचा अर्थ मला नीट लागला नाही. फवाऱ्यांना हात लावू नका असं तीच तर म्हणाली होती.

खालच्या अंगाच्या दोन रानांतली फुलं काळी पडली आहेत. बघून वाईट वाटलं. त्यांचेही फवारे गाळाने बसलेले. उद्या हवेचा पंप घेऊन जातो.

संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला चष्म्याची डबी उघडली. सतरा नंबर.

१५ जानेवारी, गुरुवार

आतापर्यंत चार रानांचे फवारे झाले. आकडे घालायला उत्कर्षाने नवी बाटली आणून दिली, लालच. खालची माणसं मला "सुभेदार, आमच्याकडं कवा?" असं विचारतात. हिव आणखी दोनदा पडलं. दोन्ही वेळा चोवीसच्या चोवीस चालले, मी कोपऱ्यात नुसता हात मागं बांधून उभा होतो. जरा चुकल्यासारखं वाटलं.

परतीची तारीख लिहायची राहून जाते आहे.

२६ जानेवारी, सोमवार

सकाळी अंगणात झेंडा लावला. सुट्टीला आलेल्या लोकांनी रान भरून गेलं. इथं लोक स्वतः वाफ्यात शिरून फळं तोडतात. मी फाटकाशी उभा राहून दहा-दहाच्या तुकड्या आत सोडल्या. पायवाट सोडून वाफ्यात शिरणाऱ्याला सांगितलं, तिकडनं फिरा, हे परेड मैदान नाही. पुण्याच्या एका बाईने उत्कर्षाला विचारलं, "इतकी गोड कशी?" उत्कर्षा म्हणाली, "आमच्या सतरा नंबरला विचारा," आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

दुपारपर्यंत एक पिकलं फळ शिल्लक राहिलं नाही. रंगुबाईने बिरदेवसाठी दोन मुठी आधीच काढून ठेवल्या होत्या.

३१ जानेवारी, शनिवार

आज मुदत संपली. नियमाप्रमाणे निकाल द्यायचा. सकाळी दाढी केली, कोट घातला आणि राजवर्धनचा फोन यायची वाट बघत बसलो. उत्कर्षा स्वयंपाकघरात भांडी घासत होती, म्हणजे एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासत होती. रंगुबाई उंबऱ्याशी घोंगडं पांघरून बसली होती आणि तिचं सगळं लक्ष माझ्याकडं होतं.

फोन आला. "आबा, मग? काय ठरलं? उत्कर्षा उंब्रजला कधी येतीय?"

मी कालच मुद्दे लिहून ठेवले होते. वाफे, पाणी, गिऱ्हाईक, शिस्त, एकूण बारा. कागद हातात होता. पण ओळ सापडेना, चष्मा चुकीचा लागला होता.

"ती येत नाही," मी म्हणालो.

पातेल्याचा आवाज थांबला.

"आबा, नीट विचार केलात ना?"

"केला. तू फेब्रुवारीत रजेवर येतोयस ना? मग आधी उंब्रजला उतर. माळ्यावर माझी काळी ट्रंक आहे, नाव घातलेली. ती घेऊन वर ये."

"ट्रंक? ती कशाला, आबा?"

"कपडे काय पिशवीत ठेवू?" मी म्हणालो आणि फोन ठेवला.

उत्कर्षा बाहेर आली. हात ओले, डोळे ओले. ती वाकून पाया पडायला लागली तर मी म्हटलं, राहू दे, आधी चहा टाक. ती आत गेली. रंगुबाईने आतल्या दिशेने तोंड करून हाक दिली, "तीन कप टाक गं!"